पाव फेरा

नवऱ्याचा हातभर लांबीचा ट्रक रिमोटवर चालतो, पण त्याचं इंजिन खरं आहे, तेल पिणारं. माझे बाबा लाखनीला हायवेवर मोठे ट्रक दुरुस्त करायचे. आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखायला मी त्यांच्याजवळच शिकले. सकाळी प्लग, फिल्टर, टाकी मीच साफ करून दिली आणि हे शर्यतीला भंडाऱ्याला गेले. दुपारी मी कणीक मळत होते, तेव्हा फोन आला. "डिंपल, गाडी घडीघडी गरम होऊन बंद पडून राहिली. काय करू?" "फोन इंजिनाजवळ धरा." ऐकताक्षणी कळलं, इंजिनाला तेल कमी पडतंय. "तेलाचा स्क्रू पाव फेरा ढिला करा." आवाज भरला, गाडी सुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन चालूच राहिला होता. कोणीतरी विचारलं, "कैलाशभाऊ, कोनाले विचारून राहिले होते?" "बायको होती. भाजी आणाले सांगत होती." "आमाले वाटलं, तिलेच विचारता." "तिले काय समजते इंजिनातलं!" सगळे हसले. फायनलच्या आधी पुन्हा फोन आला. "अजून स्पीड पाहिजे. लवकर सांग." तो स्क्रू घट्ट कसला की गाडी आधी भन्नाट पळते, मग तेलावाचून आतल्या आत जळते. मी हाताची कणीक काढली. "एक पूर्ण फेरा कसून टाका." आवाज चढत गेला, चिरकला आणि एकदम थांबला. "डिंपल! इंजिन जाम झालं! आता काय करू?" "येताना वांगे आणजा."