मटारचं पाकीट

बाळ झालं, माझी नोकरी सुटली आणि सासूबाईंनी येताच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. परवाच्या कोंबडीची हाडं उकळून आज रस्सा. त्यांच्या हातून भाजीचा देठसुद्धा वाया जात नसे.

फ्रीजर आवरताना त्यांना मटारचं पाकीट सापडलं. कितीदा तरी वितळून पुन्हा गोठलेलं, दगडासारखं.

"हे कधी शिजवणार, सूनबाई?"

"राहू द्या आई, ते खायचे नाहीत." माझा हात आपसूक सुजलेल्या गालावर गेला. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि पाकीट परत जागेवर ठेवलं.

जेवताना नवऱ्याने ताट भिंतीवर भिरकावलं. "पुन्हा हाडांचं पाणी?" बाळ माझ्या मांडीवर असतानाच त्याने माझे केस धरले आणि दुसरा हात उगारला. तो खाली यायच्या आत सासूबाईंचा लोखंडी तवा त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. तो जमिनीवर "आई गं, आई गं" करत लोळू लागला.

त्याच्या आईने तवा पुसून जागेवर ठेवला.

"सूनबाई, ते मटार दे त्याला. आणि काम झालं की परत फ्रीजरमध्ये ठेव. टाकू नकोस, त्याला पुन्हा लागतील."