खाडीवरचा पूल

ग्रामसभेच्या दिवशी दुपारी शेवंताने कानामागे काचेचा मणी चिकटवला आणि ती आडवी झाली. गावचा नियमच होता: ज्याच्याशी वाद, त्याची एक आठवण त्या मण्यामुळे स्वप्नात जगून आल्याशिवाय सभेत तोंड उघडता येत नसे. तिचा वाद होडीवाल्या म्हादूशी होता. तिला खाडीवर पूल हवा होता, त्याला नको होता. आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या आजारी लेकीला पलीकडच्या दवाखान्यात नेताना त्याने सावकाश वल्हवलं, म्हणूनच लेक दगावली, हे शेवंता गावभर सांगत आली होती.

डोळा लागला तशी ती होडीत होती. सगळीकडे पहाटेचं दुधासारखं धुकं. वल्ह्यावरचे तिचे हात म्हादूचे होते, सोलवटून रक्ताळलेले, आणि तरी काठ लांब लांबच सरकत होता. समोर चादरीत तिची लेक होती, आणि लेकीला धरून बसलेली ती स्वतः, "लवकर, लवकर" पुटपुटत.

संध्याकाळी सभेत म्हादू आधी उठला. त्यानेही तिची त्याच पहाटेची आठवण जगून पाहिली होती.

"पूल होऊ दे, वहिनी," तो म्हणाला.

सरपंचबाईंनी शेवंताकडे पाहिलं. पाठ केलेलं भाषण तिला आठवेना.

"भावोजी," तिने हळूच विचारलं, "हात बरे झाले का तुमचे?"