पाळण्याची दोरी

"वहिनी, उंचावरून गोकुळ 'बरंय' म्हणाला तर विश्वास ठेवू नका; सोबत्यांना सांगून सरळ रेघेवर चालवून बघा," गिर्यारोहणाचे सर मागच्या मोहिमेआधी म्हणाले होते. "दारुड्यासारखं व्हय?" मी हसले. मागच्या वर्षी मी पाळण्याची दोरी ओढत असताना गोकुळचा, माझ्या नवऱ्याचा, हिमालयातून फोन आला. "बरंय, ठेवतो." मीही "बरंय" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोबत्यांनी त्याला पाठीवरून खाली आणलं. विरळ हवेनं मेंदूला सूज आली होती, सरळ चालताही येत नव्हतं. उद्या तो पुन्हा निघतोय. महिनाभर सॅकमध्ये वीस किलो गहू भरून गोगाबाबा टेकडी चढलाय. आज सामान भरताना मी तीच दोरी फरशीवर सरळ अंथरली. "चाल." तो चालला, मागून लेक डुगडुगत आली. "ही नापास," तो म्हणाला. दोरी सॅकच्या वरच्या खिशात आहे. तुम्ही सोबत असाल तर 'बरंय का' विचारू नका. बर्फावर दोरी टाकून गोकुळला चालवून बघा.