पाइपातली टोपी

अमेरिकेतल्या डुलुथच्या थंडीत घर गरम ठेवणारी गॅसभट्टी बंद पडली की लोकांची अक्कलही गोठते, असं भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या वर्न हॉगेनचं ठाम मत होतं. आर्डिथ सोर्वारीबाईंनी तर हद्दच केली होती. भट्टीला हवा पुरवणाऱ्या पाइपात त्यांनी भिंतीबाहेरून चक्क लोकरीची टोपी कोंबली होती.

टोपी उपसून वर्न तळघरात आला. "काय बाई, पाइपाला थंडी वाजते का?"

"थंडीसाठी नाही हो. तिथून कोणीतरी फुंकर मारतं. जाळ विझतो."

"फुंकर? हा काय वाढदिवसाचा केक आहे?"

त्याने बटण दाबलं. पंखा घुमला, निळा जाळ ओळीने पेटला. वर्नने बाईंकडे तुच्छतेने पाहिलं.

फू.

जाळ विझला.

"वारा," तो म्हणाला. तळघराच्या खिडकीतून शेजारच्या धुराड्याचा धूर सरळ वर जाताना दिसत होता.

बाईंचं खूळ आता उतरवायलाच हवं होतं. त्याने गॅस बंद केला, पंखा थांबवला, पाइप भट्टीपासून सोडवला आणि काडी ओढून त्याच्या तोंडाशी धरली. ज्योत हललीसुद्धा नाही.

"कुठाय तुमचा फुंकरवाला?" वर्न पाइपाशी वाकून ओरडला, "मार रे, मार! बघू तुझा दम!"

"त्याला चिडवू नका," बाई जिन्यावरूनच म्हणाल्या.

ज्योत विझली नाही. ती हळूहळू पाइपाच्या आत वळली, लांब झाली आणि तशीच ताणलेली राहिली, फुंकर मारण्याआधी कोणीतरी छाती भरून श्वास घेत असावं तशी.