आतली कडी

आठवीच्या वर्गाला व्हिडिओ गेम करायला शिकवताना देसले मॅडम दरवर्षी तीच गंमत बघत. मुलं आधी आपल्या राक्षसाच्या फटक्याला दहापैकी नऊ-दहाचा जोर देत. मग नियमाप्रमाणे खेळातला मार हाताला जाणवून देणारा पट्टा मनगटाला बांधायचा आणि आपल्या खेळातला फटका आधी आपणच सोसायचा. वळ उठत नसे, कळ मात्र खरी येई. "आई गं!" करत एकेक जण आकडा खाली आणी. श्रेयसचा राक्षस तर शेवटी नुसती फुंकर मारायला लागला होता.

हर्षालीच्या खेळात राक्षस नव्हताच. एक घर होतं, आणि जिन्यावर चपला वाजल्या की खेळणाऱ्याने लपायचं. सापडला तर फटका, जोर नऊ. मॅडमनी बटण दाबलं. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला. हर्षाली पडद्याकडे बघत राहिली.

पट्टा बिघडला असेल म्हणून मॅडमनी तो स्वतःच्या हाताला बांधून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दुखलं नाही तुला?"

"एवढंच तर आहे, मॅडम."

"आकडा कमी करूया का?"

"नको. मग खोटं वाटेल." ती जरा घुटमळली. मग तिने पडद्यावर, जिन्याखालच्या एका दारावर बोट ठेवलं. "हे दार मात्र मी मनानेच घातलंय. याला आतून कडी आहे."