न वाचता आलेल्या दोन ओळी

पाथर्डीच्या घरात जेवणाचं ताट तसंच ठेवून जया चाचणी घेत होती. आभासी संगणक सुरू होताना त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालू करणारी मूळ आज्ञावली, आधी जागं होतं आणि साठवलेल्या नोंदी वाचून कामाला लागतं. फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीने त्या नोंदींत दोन ओळी वाढवल्या होत्या, आणि डिस्कच्या कुलपाची किल्ली नेमकी त्यांतच होती. जयाने तोच संगणक मुद्दाम जुन्या आवृत्तीवर चालवला. जुनीला त्या ओळी कळणार नव्हत्या. न कळलेलं तिने पुसून टाकलं असेल, तर आतली माहिती कायमची कुलपात जाणार होती.

"काय गं, घास उतरंना का घशाखाली?" आई, लंकाबाई, शेजारी टेकली. "त्या डबड्यात कुनी मेलंय का?"

"मेलंय का, तेच बघतेय."

जयाने संगणक परत नव्या आवृत्तीवर आणला. कुलूप उघडलं. दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर जागेवर होत्या.

"आई, जुनीला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी तिने सगळं जसंच्या तसं जपलं. कळत नाही ते पुसायचं नाही, असं लिहिणाऱ्याने दहा वर्षांपूर्वीच तिला शिकवून ठेवलंय. केवढी अक्कल म्हणायची ही."

"त्यात कसली आलीय आक्कल," लंकाबाई म्हणाली. "ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत चूल पेटवायला कागद लागायचाच. तुझ्या दप्तरातला कंचा कामाचा न् कंचा बिनकामाचा, मला कुटं वाचता येत हुतं? मंग एकबी जाळला न्हाई."