तरीही पुढे जा

ब्राउझरमधली धोक्याची सूचना मी लिहिते. 'ही साइट सुरक्षित नाही. पुढे जाऊ नका.' खाली बारीक बटण असायचं: 'तरीही पुढे जा'.

अमेरिकेत, दुलुथ शहरात माझे बाबा, एरो, रोज दुपारी ते दाबायचे. पलीकडे आईची पावाच्या पाककृतींची साइट होती. आई वारल्यावर साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली, म्हणून ही सूचना यायची; आणि नवं घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

लोक न वाचताच दाबतात म्हणून आमच्या टीमने परवा ते बटण काढूनच टाकलं. बाबा मला त्यानंतर आठवले. तशीच मी गाडी काढून त्यांच्या घरी गेले.

"धोका आहे म्हणालीस, तुझं काम झालं," बाबा म्हणाले. "आत जायचं की नाही ते माझं मी बघेन ना, सायमी?"

"बाबा, आता बटणच नाहीये."

"आहे की!"

मी वाकून पाहिलं. ब्राउझरची आवृत्ती नवीच होती. सूचनाही माझीच, शब्द न् शब्द. खाली मात्र बटण होतं, आणि त्यावरची अक्षरं माझी नव्हती.

'ये, एरो. कॉफी केलीय.'

बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली. "परवापासून असंच म्हणतेय."

मी माउस हातात घट्ट धरला. तेवढ्यात त्याखाली आणखी एक बटण उमटलं.

'सायमी, तूही ये.'